काम नसतानाचा पंखा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस रात्रभर समुद्राकडे पाठ करून धावते आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला येऊन टेकते. मधलं अंतर साडेनऊशे किलोमीटरांच्या पुढचं. गोंदियात धान आहे, राइस मिला आहेत, बिड्या आहेत, तलाव आहेत, सारस आहेत. समुद्र तेवढा नाही. त्यामुळे शिडाच्या होडीला घडीचा पंखा लावावा की वळत्या पात्यांचा, या प्रश्नावर गोंदियात आजवर मोर्चा निघालेला नाही, आणि जिल्हा परिषदेतही यावरून कुणी सभात्याग केलेला नाही. तरीही हा प्रश्न समजून घ्यायचा तर महाराष्ट्रात गोंदियाइतकी सोयीची जागा नाही. याचा पुरावा बिरसीच्या धावपट्टीवरून रोज उडतो आणि रोज तिथेच उतरतो. तिथवर पोचण्याआधी पंख्याची भानगड काय ती पाहू.

प्रोपेलरला कोकणातले मच्छीमार सरळ पंखा म्हणतात, आणि तेच बरं. शिडाच्या होडीलाही हा पंखा असतो, कारण तिलाही इंजिन असतं. हे ऐकल्यावर अनेकांचा हिरमोड होतो. शीड, वारा, निळा समुद्र असं सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलेलं असतं आणि मध्येच डिझेलचा वास येतो. पण वारा पडतो, बंदरात शिरायचं असतं, ओहोटीच्या आत खाडी ओलांडायची असते. तेव्हा इंजिन लागतंच. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वारा येतो, शीड भरतं, इंजिन बंद होतं आणि पंखा मात्र पाण्यात तसाच राहतो, तीन रुंद पाती पसरून. पंगत उठली तरी ताट पुढ्यात धरून बसलेल्या पाहुण्यासारखा. मध्यम आकाराच्या होडीचा वेग या एका पाहुण्यापायी अर्ध्या नॉटने, म्हणजे ताशी अर्ध्या सागरी मैलाने, कधी त्याहूनही जास्त घटतो.

अर्धा नॉट म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण हिशेब करून पाहा. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. पाच नॉटने जाणाऱ्या होडीला पंचेचाळीस तास लागतात, साडेपाचने जाणारी एक्केचाळीसच्या आसपास पोचते. म्हणजे चार तासांची बचत. चार तासांसाठी माणसं लाख-दोन लाख रुपये मोजतात, हे गोंदियाच्या फलाटावर बसलेल्या प्रवाशाला सांगायला जाऊ नये. त्याने चार तास अनेकदा फुकट घालवलेले असतात आणि त्याबद्दल त्याला कुणी सोयीचा पंखा दाखवलेला नसतो.

या पाहुण्याला उठवण्याचे प्रयत्न जुने आहेत. वाफेची इंजिनं आली तेव्हा ब्रिटिश आरमाराने जहाजांना शिडंही ठेवली आणि पंखाही लावला. कोळसा महाग आणि वारा फुकट, म्हणून. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘एचएमएस वॉरियर’ या लोखंडी युद्धनौकेचा पंखा शिडं उभारल्यावर पाण्याबाहेर उचलून घ्यायची सोय होती. त्याचं वजन २६ टन. तो वर घ्यायला दोरांना ६०० माणसं लागत. म्हणजे वारा आला की आधी सहाशे जणांना हाक मारायची, पंखा वर घ्यायचा, आणि वारा पडला की पुन्हा हाक मारायची. वाऱ्याच्या लहरीवर सहाशे माणसं नाचवणं आरमाराला परवडत होतं. ज्याच्या होडीवर तो स्वतः, बायको आणि समुद्र लागलेला मेहुणा एवढाच फौजफाटा आहे, त्याला दुसरा मार्ग शोधणं भाग होतं.

मार्ग दोन निघाले. पहिला घडीचा पंखा. याची पाती बिजागरीवर असतात. इंजिन थांबलं की पाण्याच्या रेट्याने ती मागे मिटतात, कळी मिटावी तशी एकमेकांना चिकटतात. इंजिन सुरू झालं की फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली जाऊन उघडतात. दुसरा वळत्या पात्यांचा. इथे पाती मिटत नाहीत, आपल्या बुडख्याभोवती वळतात. आडवी पाती उभी होतात आणि पाण्याला सपाट अंगाऐवजी धार दाखवतात. दोन्हींचा हेतू एकच, इंजिन बंद असताना पाण्याला पंखा आहे हे कळू नये. घडीचा पंखा हे काम थोडं जास्त चांगलं करतो, वळत्या पात्यांचा थोडं कमी. पण दोन्ही न हलणाऱ्या तीन पात्यांच्या पंख्यापुढे चांगलेच सरस.

आता समजा, गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या भाऊंनी मिल मुलाच्या हवाली केली आणि निवृत्तीत गोव्याच्या एका खाडीत चौतीस फुटांची जुनी शिडाची होडी घेऊन ठेवली. समजायला काय हरकत आहे? माणसं याहून अवघड गोष्टी समजून घेऊन निवडणुका लढवतात. तर भाऊंना पंखा बदलायचा आहे. पुण्यातल्या इंजिनिअर जवाईबापूंनी इटलीच्या मॅक्स-प्रॉपपासून डेन्मार्कच्या गोरी आणि फ्लेक्सोफोल्डपर्यंत, इंग्लंडच्या ऑटोप्रॉपपासून न्यूझीलंडच्या किवीप्रॉपपर्यंत सगळ्यांची माहिती काढून दिली आहे. बैठकीत वहिनीही आहेत.

“याचा काय फायदा?” वहिनी विचारतात.

“इंजिन बंद असताना होडीला अडवत नाही,” जवाई सांगतो.

“म्हणजे काम करत नाही तेव्हा चांगला?”

“हो.”

“मग जवाईबापू, काम न करण्याचे एवढे पैसे देतात, तर करण्याचे किती देत असतील जी?”

या प्रश्नाला जवाईकडे उत्तर नाही. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकातही नाही. युरोपात मध्यम होडीसाठी असा पंखा आकारानुसार आणि पात्यांनुसार साधारण एक-दीड हजार युरोंपासून चार हजारांपर्यंत जातो. वर वाहतूक आणि आपल्याकडचं आयातशुल्क. भाऊ हिशेब धानात करतात, कारण आयुष्यभर तोच केला. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. तीन लाखांचा पंखा म्हणजे सव्वाशे क्विंटलच्या वर धान झाला. एवढ्या धानाचा तांदूळ काढून झाला असता, कोंडा विकून झाला असता आणि तुसाची राखही वाटेला लागली असती. पंख्यातून कोंडासुद्धा निघत नाही.

तरीही भाऊ बसतात निवडायला. आणि इथेच गंमत आहे. कारण पंखा निवडणं म्हणजे स्वतःला ओळखणं, असं पंखा विकणारे सांगतात. प्रत्यक्षात ते स्वतःच्या वाईट सवयी ओळखणं असतं.

घडीच्या पंख्याची पहिली सवय अशी की जुन्या, साध्या बनावटीच्या दोन पात्यांच्या पंख्यात एक पातं दुसऱ्याची वाट पाहत नाही. दोन्ही पात्यांना जोडणारे दात नसतील आणि शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, थांबताना पाती उभ्या रेषेत थांबली, तर वरचं पातं मिटून बसतं आणि खालचं गुरुत्वाकर्षणाला शरण जाऊन लोंबत राहतं. वारा कमी असेल तर पाण्याचा रेटाही त्याला उचलत नाही. मग होडीचा मालक काय करतो? खाली केबिनमध्ये जातो, पायऱ्या बाजूला काढतो, गुडघ्यावर बसून तेलकट शाफ्टवर रंगाने मारलेली खूण टॉर्चच्या उजेडात शोधतो आणि खूण नेमकी वर येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवतो. तेव्हा कुठे पाती आडवी होतात आणि दोन्ही मिटतात. समुद्रात शिडाची होडी चालवण्याच्या स्वातंत्र्याबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात या खुणेचा उल्लेख फारसा नसतो. नव्या बनावटीत पाती दातांनी एकमेकांना अडकवलेली असतात, एक मिटलं की दुसरं मिटतंच. त्यामुळे खूण गेली आणि गुडघे वाचले.

दुसरी सवय मागे जाण्याची. घडीचा पंखा पुढे जाताना झकास काम करतो, कारण त्याची पाती साध्या पंख्यासारखी पिळदार असतात. मागे घेताना मात्र होडी मागे खेचणारा जोरच पात्यांना मिटवायला बघतो. फिरण्याचा जोर त्यांना उघडी ठेवायला बघतो. आणि या भांडणात होडी जेटीकडे सरकत राहते. पंख्याने काय ते ठरवेपर्यंत शेजारच्या होडीचा मालक हातात टायर घेऊन कठड्यावर उभा राहिलेला असतो. आताचे चांगले घडीचे पंखे टोकाकडे जड केलेले असतात आणि जरा जास्त आरपीएम दिले की मागेही नीट ओढतात. पण “जरा जास्त” म्हणजे किती, हे पहिल्या खेपेला अंदाजानेच कळतं. डेन्मार्कच्या गोरीच्या तीन पात्यांच्या पंख्यात आणखी एक खुबी आहे. मागच्या गिअरमधून पुढच्यात घेतलं की पाती जास्त पिच, म्हणजे जास्त पीळ, धरतात, आणि शांत पाण्यात इंजिन कमी फेऱ्यांवर चालवता येतं. गाडीचा पाचवा गिअर म्हणा. हे ऐकल्यावर प्रत्येक ग्राहकाला तोच हवासा वाटतो, मग त्याची होडी महिन्यातून एकदा का निघेना.

वळत्या पात्यांच्या पंख्याला मागे जाण्याची अडचण नाही. मागचा गिअर टाकला की पाती उलटी फिरून तीच धार पुढे करतात. आतून एक जाड “ठक्” ऐकू येतो, होडीच्या तळाला बारीक धक्का बसतो आणि होडी जिथे सांगाल तिथे थांबते. जेटीवर येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर होडी लावायची वेळ येते तेव्हा या “ठक्”ची किंमत कळते. बदल्यात पाती जवळपास सपाट ठेवावी लागतात. त्यामुळे पुढे जाताना ताकद किंचित कमी मिळते. शिवाय पात्यांचा कोन बसवताना मालकाला ठरवता येतो. इंजिन धुरकट होतंय, आरपीएम गाठत नाही, तर पाती थोडी सैल करायची. साध्या पंख्यात ही सोय नाही. तिथे पंखा काढून कारखान्यात न्यावा लागतो.

पण हा पंखा थोडा मानी असतो. त्याला पाण्यात धार धरून उभं करायचं तर एक क्रम पाळावा लागतो. होडी चालती ठेवायची, पुढच्या गिअरमध्येच इंजिन बंद करायचं, आणि शाफ्ट फिरत राहिला तर मागचा गिअर टाकून थांबवायचा. क्रम चुकला, मागच्या गिअरमध्ये इंजिन बंद केलं, तर पाती उलटी पसरून राहतात आणि तीन लाखांचा पंखा साध्या पंख्याइतकाच पाण्यात आडवा उभा राहतो. वरून मालक शिडं नीट करतो, दोर ताणतो, वाऱ्याला शिव्या घालतो, आणि वारा निरपराध असतो.

असाच एक क्रम गोंदियात रोज शिकवला जातो.

गोंदियापासून जवळच, कामठ्याच्या बाजूला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी आहे. तिथे सीएई ही कॅनडाची कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या भागीदारीतली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट चालते. देशभरातली पोरंपोरी इथे वैमानिक व्हायला येतात. ऑस्ट्रियन बनावटीची डायमंड डीए-४० ही एका इंजिनाची विमानं आणि डीए-४२ ही दोन इंजिनांची. डीए-४२ चे पंखे वळत्या पात्यांचे आहेत. दोनपैकी एक इंजिन हवेत बंद पडलं, तर बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने गरगर फिरत राहतो आणि विमानाला त्या बाजूला ओढतो. म्हणून शिकवताना प्रशिक्षक मुद्दाम एका इंजिनाची ताकद काढून घेतो आणि विद्यार्थ्याला ठरलेल्या क्रमाने ओळखावं लागतं की कुठलं इंजिन गेलं, ते खरंच तेच आहे का, आणि मग त्याची पाती वाऱ्याला धार दाखवतील अशी वळवायची. डीए-४२ मध्ये त्या इंजिनाचा मुख्य स्विच बंद केला की पाती आपली आपण वळतात. मराठवाड्यातली किंवा केरळातली एखादी मुलगी गोंदियाच्या धानाच्या बांध्यांवर, तळ्यांच्या चकचकीत ठिपक्यांवर, अभ्यास करून बंद पंख्याला उभं करायला शिकते. होडीवाला तेच काम पहिल्यांदा करतो तेव्हा त्याच्याकडे कुठला प्रशिक्षक नसतो. बायको असते.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट अशी की हवेतला आणि पाण्यातला नियम एका जागी चक्क उलट पडतो. साध्या, न वळणाऱ्या पंख्याला शिडावर जाताना अडकवून ठेवावं की मोकळं फिरू द्यावं, यावर होडीवाले पिढ्यान्‌पिढ्या भांडले. अडकवलेला पंखा कमी ओढतो, असं एक पक्ष छातीठोकपणे सांगत आला. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये पाण्यात मोजून दाखवलं, की अडकवलेला पंखाच जास्त ओढतो. मोकळा फिरू दिलेला कमी. बिरसीचा विद्यार्थी मात्र उलटं पाठ करून येतो: हवेत फिरणारा पंखा थांबलेल्या पंख्यापेक्षा जास्त ओढतो. दोघंही बरोबर. विमानात पंखा इंजिनाला जोडलेला असतो, म्हणून वाऱ्याची ताकद मेलेलं इंजिन फिरवण्यात खर्ची पडते. होडीत गिअर न्यूट्रलला टाकला की पंखा इंजिनापासून सुटतो आणि निवांत फिरतो. इतकं साधं उत्तर मिळाल्यावर भांडण संपायला हवं होतं. संपलं नाही. आता ते गिअरबॉक्सला तेल पोचतं की नाही यावर सुरू आहे.

आणि गोंदियाच्या तळ्यांवर पंख्याशिवायही बरंच चालतं. भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलाव शेकड्यांनी आहेत. लोक त्यांना लाडाने मामा तलाव म्हणतात. नवेगाव बांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. या तळ्यांत धिवरांचे डोंगे फिरतात. डोंग्यात उभं राहून बांबू तळाला टेकवायचा, ढकलायचं, बांबू उचलून घ्यायचा. उचलला की पाण्यात ओढ शून्य. मॅक्स-प्रॉपच्या कारखान्यात जी सोय मिळवायला दातांची गुंतागुंतीची पेटी बसवावी लागते, ती इथे खांद्याच्या जोरावर मिळते, जस्त लागत नाही आणि ग्रीस तर नाहीच. फार तर बांबू बदलावा लागतो. अडचण एवढीच, की मुंबईबाहेरच्या समुद्राला तळ सापडेल इतका लांब बांबू गोंदियाच्या जंगलातही होत नाही.

याच तळ्यांत एखाद्याने साध्या पंख्याची बोट उतरवून बघावी. शिंगाड्याच्या वेली, कमळाचे देठ आणि काठाकाठाने पसरलेलं बेशरम. पंखा दहाव्या मिनिटाला गच्च. कोकणच्या किनाऱ्यावरही तेच होतं, फक्त वेलींच्या जागी जाळी असते. रात्री हर्णैसमोरून किंवा वेंगुर्ल्याच्या बाहेरून जाताना अंधारात तरंगणारी दोरी, तुटलेलं नायलॉनचं जाळं, थर्माकोलच्या गठ्ठ्याला बांधलेली सुतळी, सगळं पंख्याची वाट बघत असतं. इथे घडीच्या पंख्याचा स्वभाव कामाला येतो. शिडावर जाताना मिटलेल्या पात्यांवरून दोरी घसरून निघून जाते. वळत्या पात्यांवर ती कधी अडकते, कधी सुटते. इंजिन चालू असताना मात्र तिन्ही पंखे जाळ्याला सारखेच प्रिय. तेव्हा भाऊंनी स्वतः पाण्यात उतरून सुरी चालवायची नसेल तर शाफ्टवर दोरी कापणारं पातं लावून घ्यावं. आणि रात्री दिवे बघत जावं. मच्छीमारांच्या जाळ्याची किंमत भाऊंच्या पंख्याहून कमी असेल, पण त्याच्यावर घर चालतं.

पंखा निवडताना सगळे वेगाची चर्चा करतात आणि देखभालीची कोणीच करत नाही. अरबी समुद्राचं पाणी कोमट आहे. पंख्यावर बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव, चढायला काही आठवडे पुरतात. साध्या पंख्यावर चढले तर तो फक्त मंद होतो. घडीच्या पंख्याच्या बिजागरीत चढले तर एक पातं उघडतं, एक मिटलेलं राहतं आणि होडी धडधड हलायला लागते. वळत्या पात्यांच्या बुडख्यात चढले तर पाती वळायचीच विसरतात. कोकणात जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. त्या वेळी पंखा उघडून खरवडायचा, वळत्या पात्यांच्या पेटीत ग्रीसगनने ग्रीस भरायचं, प्रत्येक पातं हाताने पुढेमागे वळवून बघायचं. चांगल्या स्थितीतलं पातं बोटाच्या धक्क्याने लटकन पडतं. अडखळलं तर आत वाळू आहे किंवा ग्रीस जुनं झालंय. सगळ्यात शेवटी पंख्याच्या टोकाला बसवलेला जस्ताचा तुकडा. पंखा ब्राँझचा, शाफ्ट स्टीलचा, पाणी खारट. या तिघांच्या वीजनात्यात काहीतरी झिजणारच, म्हणून जस्त आधी झिजायला ठेवतात. ते संपलं तर पुढची पाळी तीन लाखांच्या पंख्याची.

वेगाच्या वेडापलीकडे जाऊन या पंख्याकडे बघायला गोव्यात चांगली उदाहरणं आहेत. दिवाडी बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डात रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटांची ‘म्हादई’ बांधली. तीत दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले, चार ठिकाणी थांबत १९ मे २०१० ला परतले. जगाला एकट्याने शिडाच्या होडीतून प्रदक्षिणा घालणारे पहिले भारतीय. मग त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ असे १५१ दिवस, कुठेही न थांबता, गोल फिरून आले. पुढे याच शिपयार्डातल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. थांबा न घेता केलेल्या सफरीत इंजिन होडी ढकलायला वापरायचं नसतं. म्हणजे १५१ दिवस पंखा खाली आहे, आणि त्याचं काम एकच, मध्ये न येणं. अशा माणसाला वहिनींचा प्रश्न विचारला तर तो मुकाट्याने पैसे मोजेल.

पण भाऊ पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले नाहीत. दिवाळीनंतर आठ-दहा दिवस गोव्यात राहायचं, सकाळच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी खारे वारे सुटले की खाडीत परतायचं, आणि मधल्या शांततेत इंजिन चालवायचं. त्यांना एक जुनी युक्ती सांगायला हवी. लांब कीलच्या, म्हणजे तळाच्या लांब कण्याच्या, जुन्या होड्यांत दोन पात्यांचा साधा पंखा उभ्या रेषेत थांबवला, तर तो कीलच्या मागे बहुतांशी लपतो आणि पाण्याला फारसा दिसत नाही. त्याला पैसे लागत नाहीत. फक्त तीच रंगाची खूण आणि तेच गुडघे.

तेव्हा ज्याची होडी महिन्यातून एकदा मांडव्यापर्यंत जाऊन येते, त्याने दोन पात्यांचा साधा पंखा ठेवावा आणि उरलेल्या पैशात नवीन शीड शिवून घ्यावं. वेग त्यातून जास्त मिळेल. ज्याला कोकणचा किनारा रात्रंदिवस धरायचा आहे, जाळ्यांतून जायचं आहे, त्याने दात जोडलेला तीन पात्यांचा घडीचा पंखा घ्यावा. ज्याला गर्दीच्या जेटीत मागे घेत होडी लावायची आहे आणि दरवर्षी ग्रीसगन हातात धरायची तयारी आहे, त्याला वळत्या पात्यांचा. इंजिन बंद करण्याचा क्रम पाठ नसेल तर बिरसीच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारावं. तो एकही पैसा न घेता सांगेल. आणि यातलं काहीही घेतलं, तरी जस्ताचे तुकडे मात्र दोन मागवावेत. एक लावायला, एक हरवायला.